बेरजेत कोण बुडते?

प्रश्न : ‘जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख’ हीच नीतीची कसोटी मानली, तर बिघडते कुठे?

उत्तर : ही कसोटी टाकाऊ नाही, हे आधी सांगतो. जेरेमी बेंथमने १७८९च्या ग्रंथात ती मांडली, तेव्हा उमरावाचे आणि मजुराचे सुख एकाच मापाने मोजले. जनावरांच्या वेदनाही हिशेबात धरल्या. त्या काळात हे मोठे धाडस होते.

बिघडते ते बेरजेपाशी. मुळशीचेच घ्या. १९२१मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला; सेनापती बापट त्यांचे नेते. वीज मुंबईला मिळणार होती आणि जमीन बुडणार होती मावळातल्या गावांची. डोकी मोजली की निकाल लागलाच! पण ज्याचे भातखाचर पाण्याखाली गेले, त्याला दुसऱ्याच्या घरचा उजेड ही भरपाई कशी ठरेल? जॉन रॉल्सने १९७१मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला : हा सिद्धांत माणसामाणसांतले वेगळेपण गांभीर्याने घेत नाही.

यावर ही कसोटी मानणारे, म्हणजे उपयुक्ततावादी, म्हणतात, सुटी कृती तोलू नका, नियम तोला. हक्क जपणारा समाजच दीर्घकाळ सुखी राहतो. जॉन स्टुअर्ट मिलनेही हक्कांना उपयुक्ततेचाच आधार दिला. मला हे उत्तर अपुरे वाटते, कारण हिशेब उलटला की हक्काचा आधारच निसटतो.

तरीही साथीत औषधांचा तुटपुंजा साठा वाटायचा झाला, तर मीही हीच बेरीज करीन. जमीन घ्यायची असेल, तेव्हा मात्र ती कसणाऱ्याचा होकार आधी घ्यावा लागेल.