सीर बनी यास बेटावरील पडक्या मठास भेट

वाचनपाठ : प्रेषितांचीं कृत्यें 2:1-13

सोलापूर जिल्ह्यांतील खेड्यांतून फिरतांना पारावर बसलेले गृहस्थ आम्हांस पुष्कळदां विचारतात, "काय पाद्रीबोवा, हा तुमचा धर्म गोऱ्या साहेबानंच आणला नव्हे?" आमचे कित्येक बंधु खालीं मान घालून "होय" म्हणतात. गेल्या हिवाळ्यांत आम्हांस जें पाहावयास मिळालें तें त्यांच्याकरितां लिहितों.

आमच्या मंडळींतील एक कुटुंब नोकरीनिमित्त अबुधाबी येथें राहतें. त्यांच्या आग्रहावरून आम्ही तेथें गेलों असतां, पश्चिमेकडील समुद्रांत असलेलें सीर बनी यास नांवाचें बेट पाहण्याचा योग आला. सिद्धेश्वराच्या तलावांतील देवळाएवढें स्थळ वाचकांनीं मनांत आणूं नये. हें बेट सुमारें 87 चौरस किलोमीटर असून त्यावर आज हरणें व जिराफ मोकळीं चरतात. 1992 सालीं तेथें जुन्या भिंती आढळल्या. पुढें खोदतां खोदतां गिलाव्यांत कोरलेले क्रूस निघाले, तेव्हां हें ख्रिस्ती मंदिर होय अशी खात्री झाली.

भिंती फारशा उंच उरल्या नाहींत. त्यांच्या रक्षणासाठीं वर छप्पर घातलें आहे. मध्यें मंदिर, वेदी पूर्वेच्या अंगास, भोंवतीं संन्याशांच्या खोल्या. थोड्या अंतरावर अंगण असलेलीं लहान घरें आहेत. तेथें वडील संन्यासी एकांतांत प्रार्थना करीत, असें जाणते लोक म्हणतात. अशाच एका घराच्या अंगणांत 2025 सालीं गिलाव्याची एक पाटी सांपडली. ती वीतभर लांबीहून थोडी मोठी. तींत गुलगुथ्याच्या पायऱ्यांवर क्रूस उभा असून त्याच्या पायथ्याशीं पानें फुटलेलीं दाखविलीं आहेत. शेतकरी बंधूंस ह्याचा अर्थ फोड करून सांगण्याचें कारण नाहीं.

हे संन्यासी इराण व इराक ह्या प्रांतांतील पूर्वेकडील मंडळीचे. त्यांची उपासना सुरियानी भाषेंत होई. ही भाषा प्रभु ज्या भाषेंत बोलत त्या अरामी भाषेचेंच एक रूप होय. मठ सातव्या व आठव्या शतकांतला, म्हणजे अरबस्थानांत इस्लाम पसरल्यानंतरही तो चालूं होता. जाळपोळीची खूण तेथें दिसत नाहीं. लोक हळूहळू निघून गेले असावे. उम्म अल्-कुवैन येथील सिनिया बेटावरही असाच एक मठ सांपडल्याचें 2022 सालीं जाहीर झालें.

आतां ह्याचा आपणांशीं काय संबंध? ह्याच आखातांतून व्यापाराचीं गलबतें आपल्या कोंकणपट्टीस येत असत. ह्या मठाच्याही पूर्वीं, इसवी सन 550 च्या सुमारास, कॉस्मस नामक अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्यानें लिहून ठेविलें आहे कीं, कल्लियाना येथें ख्रिस्ती लोक असून त्यांचा बिशप इराणांतून नेमला जातो. हें कल्लियाना म्हणजे ठाण्याजवळचें कल्याण, असें बहुतेक विद्वानांचें मत आहे. पुढें 1321 सालीं चार फ्रान्सिस्कन संन्यासी ठाण्यास आले, तेव्हां तेथील एका नेस्टोरियन ख्रिस्ती घरानें त्यांस उतरावयास जागा दिली. अमेरिकन मिशनरी 1813 सालीं मुंबईस उतरले, त्याच्या बाराशें वर्षांहूनही आधींची ही हकीकत. ती वाचून आम्हांस प्रथम अभिमान वाटला. मग आम्ही गप्प बसलों. कारण कल्याण-ठाण्याची ती मंडळी पुढें नाहींशी झाली. बिशप परदेशाचा, प्रार्थनेची भाषा परदेशाची. ज्या मंडळीचीं मुळें स्वतःच्या बोलींत शिरलीं नाहींत ती टिकणें कठीण, असा आमचा तर्क आहे. तर्कच म्हणतों, त्या लोकांनीं काय सोसलें हें देव जाणे.

तेव्हां उपदेशक बंधूंनीं पारावर कल्याणचें नांव खुशाल सांगावें. मात्र ऐकणारा शहाणा असला तर लगेच विचारील, "मग ते गेले कुठं?" आम्हांस मागील महिन्यांत एका म्हाताऱ्यानें तसें विचारलेंच. आम्ही त्यास दुसऱ्या दिवशीं उपासनेला बोलाविलें, आणि तो आला.