दाराबाहेरचा बाप

शास्त्रपाठ : उत्पत्ति ३५:१६-२०, लूक १:५७-६६, मत्तय १:१८-२५, लूक २:१-१६

रामाकोना, सौंसर, पांढुर्णा या आपल्या मुलखातील एक रात्र डोळ्यांसमोर आणा. कापूस घरात आला आहे, संत्र्याच्या बागेला पाणी द्यायची पाळी आहे, आणि अशात सुनेला कळा सुरू होतात. सासू, नणंद, शेजारची काकू यांची धावपळ उडते. गाडी येते, दवाखान्याचे दार लागते, आणि नवरा बाहेर बाकावर बसून राहतो. बाळंतपण म्हणजे बायकांचे काम, असे त्याने लहानपणापासून ऐकलेले असते. त्या दाराबाहेर बसलेल्या बापाला पवित्र शास्त्र काही सांगते काय? आपण तीन बाप पाहू.

१. याकोब. बेथेल सोडून एफ्राथच्या वाटेवर असता राहेलीला वेणा लागल्या. सुईणीने धीर दिला, तरी ती वाचली नाही. जाता जाता तिने मुलाचे नाव बेनओनी, म्हणजे दुःखाचा पुत्र, असे ठेवले. याकोबाने ते बदलून बन्यामीन ठेवले. लाडक्या पत्नीच्या कबरेवर त्याने स्तंभ उभारला, पण तिच्या मरणाचे ओझे लेकराच्या माथी ठेवले नाही. आपल्याकडे अशा लेकराला 'पांढऱ्या पायाचे' म्हणणारे लोक अजून आहेत. ख्रिस्ती घरात हा शब्द उच्चारला जाऊ नये. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : ज्याच्या घरी असे दुःख आले त्याचा विश्वास कमी पडला, असे कोणी म्हणू नये. प्रार्थना हा देवाशी केलेला सौदा नव्हे.

२. जखऱ्या. हा याजक, बोलणे हेच त्याचे काम. पण पत्नीच्या गरोदरपणी तो मुका होता. नाव ठेवण्याच्या दिवशी अलीशिबेने योहान हे नाव सांगितले, तर नातलगांनी तिचे ऐकले नाही आणि बापाला खुणा केल्या. त्याने पाटी मागवून तेच नाव लिहिले. घरच्या दहा जणांपुढे पत्नीच्या शब्दामागे उभे राहणे, ही त्याची भक्ती. त्यानंतर त्याची जीभ मोकळी झाली.

३. योसेफ. शुभवर्तमानांत याच्या तोंडचे एकही वाक्य नाही. मात्र त्याची कृत्ये आहेत. त्याने मरियेला लोकनिंदेपासून राखले, तिला घरी आणले, बेथलेहेमास नेले, बाळाचे नाव येशू ठेवले. आपल्यात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. मरिया त्या वेळी माहेरापासून दूर होती. तिच्याजवळ कोणती बाई होती, हे लूक सांगत नाही. पण मेंढपाळ आले तेव्हा योसेफ तेथे होता, हे तो सांगतो. पुढे संकटाची सूचना मिळताच तो रात्रीच उठला व मायलेकरांना घेऊन निघाला. सकाळी पाहू, असे तो म्हणाला नाही.

प्रियांनो, बाळंतपणात उशीर हाच पुष्कळदा वैरी ठरतो. न्यायचे की नाही, कोणाला विचारायचे, पैसे कोठून आणायचे, यात मोलाचे तास जातात. म्हणून प्रार्थना करणाऱ्या बापाने आधीच गाडी ठरवावी, चार पैसे बाजूला ठेवावे, रक्त देणारा माणूस हेरून ठेवावा. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली जामखेडला काम सुरू केले. गावच्या साध्या, बहुधा निरक्षर स्त्रियांना त्यांनी गरोदर बायकांची तपासणी व काळजी घेण्यास शिकवले. पण पुरुषांनाही वगळले नाही, त्यांची शेतकरी मंडळे उभी केली. आईचे आरोग्य हे साऱ्या गावाचे काम आहे, हा त्यातला धडा.

प्रसूतीच्या वेळी स्त्रीला हवे ते माणूस तिच्याजवळ असावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ साली केली आहे. सर्वच दवाखान्यांत नवऱ्याला आत घेतात असे नाही. आत घेतले तर हात धरावा. न घेतले तर बाहेर जागे राहावे. आणि दार उघडून "मुलगी झाली" असे कानी आले, तर त्याच क्षणी देवाचे आभार मानावे. त्या क्षणीचा बापाचा चेहरा बाळंतीण जन्मभर विसरत नाही.

शिक्षकांसाठी प्रश्न
१. याकोबाने मुलाचे नाव का बदलले असावे?
२. जखऱ्याने पत्नीला कोणता आधार दिला?
३. आपल्या मंडळीत या महिन्यात कोणाच्या घरी बाळंतपण आहे? त्या घरासाठी पुरुषमंडळी काय करू शकतील?

प्रार्थना : हे पित्या, दाराबाहेर वाट पाहणाऱ्या प्रत्येक बापाला योसेफासारखे जागे मन व तत्पर हात दे. ज्यांची वाट दुःखात संपली त्यांना तू जवळ घे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.