चारापिकांतील युरिया, पाणी आणि नायट्रस ऑक्साईड

कृष्णाकाठी कराड, वाळवा, पलूस, मिरज भागात दुभत्या जनावरांसाठी बारमाही पाण्यावर संकरित नेपिअर व लसूणघास घेतात. माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत खिलार जनावरे व मेंढ्या गायरानावर चरतात. दोन्ही ठिकाणी जमिनीची निगा कशी राखली जाते, यावर हवा तापविणाऱ्या वायूंचे प्रमाण अवलंबून असते. जनावरांच्या कोठीपोटातील मिथेन हा स्वतंत्र विषय आहे. येथे फक्त जमिनीचा विचार केला आहे, कारण त्यात शेतकऱ्याचा खताचा पैसाही गुंतलेला असतो.

वायू कसा तयार होतो?

युरियातील नत्राचे जमिनीत प्रथम अमोनियम व नंतर जिवाणूंमार्फत नायट्रेट होते. पाणी साचून मातीतील हवा निघून गेली, की दुसऱ्या प्रकारचे जिवाणू श्वसनासाठी नायट्रेटमधील प्राणवायू वापरतात आणि नत्र वायुरूपाने उडून जाते. त्यातील काही भाग नायट्रस ऑक्साईड असतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरतो. भारी काळ्या व निचरा नसलेल्या जमिनीत त्याचे प्रमाण वाढते.

हिशेब

हेक्टरी ५० किलो युरियात २३ किलो नत्र असते. दिलेल्या नत्रापैकी १ टक्का या वायूच्या रूपाने जातो, असा जगभर वापरला जाणारा ठोकताळा आहे. त्यानुसार सुमारे ०.३६ किलो नायट्रस ऑक्साईड, म्हणजे जवळजवळ १०० किलो कार्बन डायऑक्साईडइतका परिणाम होतो. साधारण ३७ लिटर डिझेल जाळल्यावर एवढाच वायू निघतो. वर्षात सहा कापण्यांना एवढाच युरिया दिल्यास हा आकडा सहापट होतो.

काय करावे?

१) माती परीक्षण करूनच नत्राची मात्रा ठरवावी व ती प्रत्येक कापणीनंतर विभागून द्यावी.

२) युरिया वाफशावर देऊन मातीआड करावा व हलके पाणी द्यावे. चुनखडीच्या जमिनीत उघड्यावर फेकलेल्या युरियातील नत्र अमोनिया होऊन उडते.

३) युरिया दिल्यावर पाट फोडून शेत तुंबवू नये. चोपण, पाणथळ जमिनीत आधी चर काढून निचरा करावा.

४) सन २०१५ पासून देशात निमलेपित युरिया मिळतो. त्याने नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो; मात्र जादा मात्रा व साचलेले पाणी यांवर तो उतारा नव्हे.

५) लसूणघास, चवळी, स्टायलो यांसारखी द्विदल चारापिके घ्यावीत. ती हवेतील नत्र स्थिर करीत असल्याने युरिया कमी लागतो.

६) शेणखत चांगले कुजवून, उकिरड्यात पाणी साचू न देता वापरावे. हवा न मिळालेल्या ओल्या ढिगातून मिथेन निघतो.

गायरानासाठी

गायरान पाळीपाळीने चरू द्यावे, पावसाळ्याच्या सुरुवातीस गवताला वाढू द्यावे व उतारावर समपातळी चर काढावेत. मुळांद्वारे जमिनीत कर्ब साठतो. भुसभुशीत, हवेशीर माती हवेतील मिथेनही काही प्रमाणात शोषून घेते. जनावरांच्या खुरांनी दडपलेल्या मातीत ही शक्ती घटते. उन्हाळ्यात कुरण पेटविल्यास कर्ब व नत्र दोन्ही जळून जातात, म्हणून वणवा टाळावा.

शेतकरी बंधूंनी नेपिअरच्या दोन सरींत नेहमीपेक्षा एक चतुर्थांश युरिया कमी देऊन कापणीच्या वेळी चाऱ्याचे वजन करून पाहावे. लगतच्या सरींइतकेच वजन भरले, तर तेवढा युरिया वाया जात होता असे समजावे.