शोधनिबंधाचे दार कोणासाठी?

द्वितीय वर्ष, कला शाखा

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना भारत इतिहास संशोधक मंडळाची ओळख करून देण्याची गरज नाही. 1910 मध्ये वि. का. राजवाडे व खं. चिं. मेहेंदळे यांनी ते पुण्यात स्थापन केले. अभ्यासकांनी एकत्र यावे, निबंध वाचावेत, छापावेत व जपून ठेवावेत, हे अशा मंडळांचे कार्य होय. संगणकशास्त्रात हेच कार्य व्यावसायिक संघटना करतात.

अमेरिकेतील ‘असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी’ ही संघटना 1947 ची. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक 1960 मध्ये पूर्ण झाला. त्याच्या उभारणीचे नेतृत्व करणारे प्रा. आर. नरसिंहन हेच 1965 मध्ये स्थापन झालेल्या ‘कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया’चे पहिले अध्यक्ष झाले.

अशा संघटनेचे मुख्य काम म्हणजे पारख. आलेला निबंध त्याच विषयातील जाणकार तपासतात, आणि तेही बहुधा मोबदला न घेता. हे शास्त्र झपाट्याने बदलते. म्हणून येथे परिषदांत वाचलेल्या निबंधांनाही नियतकालिकांतील निबंधांइतकाच मान असतो. एका निबंधाचे सामर्थ्य केवढे असते पाहा. माहिती तक्त्यांच्या रूपात साठविण्याची कल्पना एडगर कॉड यांनी 1970 मध्ये वरील अमेरिकन संघटनेच्या मासिकात मांडली. आज बँकेतील खाती काय किंवा बोईसरच्या कारखान्यातील हजेरी काय, संगणकावर बहुधा याच पद्धतीने ठेवली जाते.

परंतु छपाई व जतन यांना पैसा लागतो. तो मुख्यतः वर्गणीतून येई. साहजिकच ज्या ग्रंथालयाला वर्गणी परवडे, त्याच्याच विद्यार्थ्यांना निबंध वाचायला मिळत. 2022 मध्ये या संघटनेने 1951 ते 2000 या काळातील आपले निबंध सर्वांना विनामूल्य खुले केले. कॉड यांचा निबंध आता पालघरच्या विद्यार्थ्यालाही वाचता येतो. 2026 पासून नवे निबंधही खुले करण्याचे तिने ठरविले.

मात्र या नव्या व्यवस्थेत खर्चाचा भार वाचकाकडून लेखकावर किंवा त्याच्या संस्थेवर येतो. गरीब देशांतील लेखकांना सवलती आहेत. तरीही लहान महाविद्यालयांची चिंता संपत नाही. ज्यांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी आहे, अशा आम्हां विद्यार्थ्यांसाठी वाचक होणे हे पहिले पाऊल आहे, लेखक होणे हे पुढचे. संघटनांनी पारख अवश्य कठोर ठेवावी; पण ती निबंधाची असावी, लेखकाच्या खिशाची नव्हे.