वेगवान न्यूट्रॉनचा डिटेक्टर: हिंगोलीतून कॅलिब्रेशन करायचे तर खर्च कशाकशाचा?

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये त्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. लायगोचा न्यूट्रॉनशी संबंध नाही, पण एवढे यंत्र शेजारी येत असताना आपल्या महाविद्यालयानेही एखादा चांगला डिटेक्टर घ्यावा, असे पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना वाटणे स्वाभाविक आहे. न्यूट्रॉनचा सिंटिलेटर, म्हणजे प्रारणाने चमकणाऱ्या द्रव्याचा डिटेक्टर, घ्यायचा विचार असेल, तर खरेदीच्या अंदाजपत्रकात एक रकाना हमखास राहून जातो. तो कॅलिब्रेशनचा.

डिटेक्टरवर शंभर न्यूट्रॉन आले तर तो वीस नोंदवतो की चाळीस, हे माहीत नसेल तर पडद्यावरचा आकडा कुठल्याच कामाचा नाही. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो. तो सिंटिलेटरमधल्या हायड्रोजनच्या केंद्रकाला धडकतो आणि त्या धक्क्याने सुटलेला प्रोटॉन चमक पाडतो. चमक फार क्षीण असली तर इलेक्ट्रॉनिक्स ती सोडून देते. म्हणून कार्यक्षमता न्यूट्रॉनच्या ऊर्जेवर आणि आपण लावलेल्या उंबरठ्यावर ठरते. उंबरठा न लिहिलेले कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र कुणी दिले, तर घेऊ नका.

पहिला खर्च खरेदीच्याच वेळी ठरतो. बीसी-501ए हा जुना, नावाजलेला द्रव सिंटिलेटर 26 अंशांनाच पेट घेऊ शकेल अशी वाफ सोडतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. रेल्वेच्या प्रवासात ज्वालाग्राही द्रव सोबत नेता येत नाही, त्यामुळे कॅलिब्रेशनसाठी प्रत्येक वेळी वेगळी वाहतूक करावी लागेल. ईजे-309 या द्रवाचा ज्वलनांक 144 अंश आहे. स्टिल्बीनचा स्फटिक तर घनच. माझे मत स्पष्ट आहे: हिंगोलीसाठी या दोहोंपैकीच एक घ्यावा.

दुसरी पायरी घरच्या घरी, जवळजवळ फुकट होते. उंबरठा ठरवायला न्यूट्रॉन लागत नाहीत, गॅमा किरण पुरतात. एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेतला सिझियम-137 चा क्षीण स्रोत 477 किलो इलेक्ट्रॉन व्होल्टवर कॉम्प्टन कडा देतो, तर सोडियम-22 मुळे 341 आणि 1062 वर कडा मिळतात. आणखी एक बिंदू कृषी सेवा केंद्रात मिळतो. हळदीला घालतो त्या म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये निम्मे पोटॅशियम असते आणि त्यात निसर्गतःच पोटॅशियम-40 असते. किलोभर खतातून सेकंदाला साधारण दीड हजार गॅमा बाहेर पडतात आणि त्यांची कडा 1243 वर येते. शंभर रुपयांच्या आत हा स्रोत मिळतो, आणि परवाना लागत नाही. जिआंट-4 ही सर्नची संगणकप्रणालीही मोफत आहे. तिच्यावर कार्यक्षमतेचा आलेख आधी काढून ठेवा.

तिसरी पायरी खरी महागाची: न्यूट्रॉनचा स्रोत. कॅलिफोर्नियम-252 मुख्यतः अमेरिकेतल्या ओक रिज आणि रशियातल्या दिमित्रोवग्राद येथे बनतो, म्हणजे आयात आलीच. त्याचे अर्धायुष्य 2.65 वर्षे. आज घेतलेल्या शंभरातले आठ वर्षांनी जेमतेम बारा उरतात. त्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाचा ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवरून मिळणारा परवाना, प्रारण सुरक्षा अधिकारी, कुलूपबंद साठवण, न्यूट्रॉन नोंदवणारे सीआर-39 बॅज आणि शेवटी स्रोताची विल्हेवाट. जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाने हे ओझे घेऊ नये.

त्यापेक्षा स्रोताकडे आपणच जावे. आयनीकारक प्रारणाची राष्ट्रीय मानके ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आहेत. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात अशाच द्रव सिंटिलेटरचे शंभर डिटेक्टर एका घुमटाकार सांगाड्यावर बसवलेले आहेत. तिथला बीमटाइम, म्हणजे त्वरक वापरायचा वेळ, पैशांवर नव्हे, प्रस्तावाच्या गुणवत्तेवर मिळतो.

अशा केंद्रात कॅलिफोर्नियमसमोर डिटेक्टर ठेवला की मुख्य खर्च वेळेचा, आणि तो आधी मोजता येतो. 0.1 मायक्रोग्रॅम कॅलिफोर्नियम सेकंदाला सुमारे 2.3 लाख न्यूट्रॉन सोडते. पाच इंच व्यासाच्या डिटेक्टरवर एक मीटर अंतरावरून त्यातला हजारात एकच पोहोचतो, म्हणजे 230. कॅलिफोर्नियमच्या केंद्रकाच्या विखंडनाच्या क्षणापासून घड्याळ लावले की एक दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा न्यूट्रॉन 72 नॅनोसेकंदांत पोहोचतो, आठ दशलक्षाचा 26 मध्ये. त्यावरून ऊर्जा कळते. पण आठ दशलक्षांवरचे न्यूट्रॉन शंभरात एकच असतात. कार्यक्षमता 20 टक्के धरली तर दोन सेकंदांत एक नोंद. एक टक्का अचूकतेसाठी दहा हजार नोंदी हव्यात: सहा तास. दोन टक्के चालणार असतील तर दीड तासात काम होते. भिंतींवरून उसळून येणारे न्यूट्रॉन वजा करायला मधे थेट न्यूट्रॉन अडवणारा छायाशंकू ठेवून पुन्हा तेवढेच मोजावे लागते, म्हणून हिशेब दुप्पट धरा. प्रवास आणि प्रवेशपरवाना वेगळा.

या केंद्रांकडे अर्ज स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या मार्फत करा आणि त्यात तीन गोष्टी लिहाच: कोणत्या ऊर्जेपर्यंत, किती अचूकतेने, कोणत्या उंबरठ्यावर. स्रोताचे दरपत्रक मागवण्याआधी हा अर्ज पाठवा.