यंत्राचा गळा आणि जात्यावरची ओवी

(तृतीय वर्ष कला)

जुने गाणे ऐकताना आपण नेमके काय ऐकतो? गाण्याचे शब्द, गाणाऱ्याचा गळा, की ते गाणे ज्या दिवसांत प्रथम कानावर पडले ते दिवस? या ओढीला मराठीत 'स्मरणरंजन' असा नेटका शब्द आहे. गाणाऱ्या संगणक-आज्ञावली सर्वांच्या हाताशी आल्यापासून या स्मरणरंजनाला यंत्राचा गळा लाभला आहे. जुनी गाणी यंत्राकडून गाऊन घेणे, इतकेच नव्हे तर दिवंगतांच्या आवाजात नवी गाणी घडविणे, आता शक्य झाले आहे. या विषयाचा थोडा अभ्यास आणि आमच्या घरी झालेला एक छोटासा प्रयोग वाचकांपुढे ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यंत्राने मानवी स्वरात गाण्याचा पहिला गाजलेला प्रयोग १९६१ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. जॉन केली आणि कॅरॉल लॉकबॉम यांनी आयबीएम संगणकाचा आवाज घडविला आणि मॅक्स मॅथ्यूज यांनी त्याला संगीताची साथ दिली. यंत्राला गायला दिलेले गाणे होते 'डेझी बेल', आणि ते १८९२ सालचे होते! म्हणजे भविष्याचे प्रतीक असलेल्या यंत्राच्या तोंडी माणसाने घातले ते सुमारे सत्तर वर्षांपूर्वीचे, आजोबांच्या काळातले गाणे. पुढे १९६८ च्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' या चित्रपटातही संगणक बंद पडता पडता हेच गाणे गातो. यंत्रगायन आणि स्मरणरंजन यांची गाठ अशी आरंभापासूनच पडलेली आहे.

यानंतरचा मोठा टप्पा जपानमधला. यामाहा कंपनीने २००३ मध्ये 'व्होकलॉइड' ही आज्ञावली जाहीर केली. ३१ ऑगस्ट २००७ रोजी तिच्यावर आधारलेली 'हात्सुने मिकू' ही काल्पनिक गायिका बाजारात आली. तिचा मूळ आवाज साकी फुजिता या अभिनेत्रीचा आहे. २००८ मध्ये 'उताउ' ही विनामूल्य आज्ञावली आली. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थच 'गाणे' असा होतो. हिची रीत समजायला सोपी आहे. एका माणसाने एकेक अक्षर एकाच पट्टीत म्हणून ध्वनिमुद्रित करायचे. प्रत्येक अक्षरात व्यंजन कुठे संपते आणि स्वर कुठे सुरू होतो ते खुणेने दाखवायचे. मग पडद्यावर कोणते अक्षर कोणत्या सुरावर आणि किती वेळ हवे ते मांडायचे. यंत्र स्वर ताणते, उंच-नीच करते आणि अक्षरे एकमेकांना जोडते. श्वास घेतल्याचा आवाज हवा असेल तर तोही वेगळा मुद्रित करून मध्ये बसवावा लागतो. यंत्राला आपणहून दम लागत नाही, हे येथे ध्यानात ठेवावे.

आता प्रयोगाकडे वळते. माझी आजी, आईची आई, मूळची मावळातली. लग्न होऊन ती खंडाळ्याचा घाट उतरून खालापूर तालुक्यात आली आणि येताना जात्यावरच्या ओव्या घेऊन आली. खोपोलीला टाटांचे वीजगृह १९१५ सालीच सुरू झाले, पण ती वीज मुंबईच्या कापडगिरण्यांसाठी होती. गावात पिठाची गिरणी येईपर्यंत आजी तांदूळ आणि नाचणी जात्यावरच दळत असे. ती गेली तेव्हा मामाच्या मोबाईलमध्ये तिच्या ओवीचे जेमतेम चाळीस सेकंदांचे ध्वनिमुद्रण मागे राहिले. तीच ओवी यंत्राकडून पुरी गाऊन घ्यावी असे मी मनाशी ठरविले.

प्रथम तयार जपानी आवाज वापरून पाहिला आणि पहिल्याच शब्दाला अडले. जपानीत स्वर पाचच. आपला ऱ्हस्व 'अ' त्यांत नाही. ट, ड, ण, ळ ही मूर्धन्य व्यंजने नाहीत, आणि र व ल यांत भेद नाही. त्यामुळे 'दळण' या शब्दाचे 'दारान' झाले! दळणाच्या गाण्यात दळणच उच्चारता येईना. मग कर्जतला घरी बसून माझ्याच आवाजात मराठी अक्षरे मुद्रित केली. तेव्हा लक्षात आले की आपल्या लिपीतही सारे लिहिलेले नसते. 'जाती'मधला ज वेगळा आणि 'जाते'मधला वेगळा. 'चार'मधला च वेगळा आणि 'चारा'मधला वेगळा. लिहिताना अक्षर एक, पण यंत्राला मात्र दोन-दोन द्यावी लागली. भाषाशास्त्राच्या तासाला जे पाठ केले होते ते या निमित्ताने कानाला पटले.

तीन आठवड्यांनी ओवी तयार झाली. आईला ऐकविली. ती शांतपणे म्हणाली, "सूर बरोबर आहे गं, पण ही नुसती गातेय. दळत कुठं आहे?"

हे वाक्य मला साऱ्या अभ्यासाचे सार वाटते. स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात, अशी नोंद बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात आहे. ओवीचा जन्मच असा कष्टातला. खुंटा ओढताना छातीवर ताण येतो, तिथे सूर आखडतो. पाळी फिरली की श्वास मोकळा होतो. साडेतीन चरणांची ओवी अक्षरे मोजून चालत नाही, ती हाताबरोबर चालते. यंत्राजवळ सूर होता, दगडाचे वजन नव्हते.

तेव्हा मामेभाऊ म्हणाला, "ताई, ती चाळीस सेकंदंच यंत्राला दे. हल्लीच्या आज्ञावलीला तेवढंही पुरतं. आजीच गाईल." यावरून घरात दोन पक्ष झाले. मावशी म्हणाली, "एकदा तरी ऐकू दे. पुन्हा नाही मागणार." आई म्हणाली, "तिला विचारलंय का कुणी?"

हा पेच केवळ आमच्या घरचा नाही. जपानची थोर गायिका मिसोरा हिबारी १९८९ मध्ये वारली. २०१९ मध्ये तिच्या आवाजात यंत्राकडून नवे गाणे गाऊन घेण्यात आले. ऐकून कित्येकांचे डोळे पाणावले, तर तात्सुरो यामाशिता या गायकाने ही विटंबना असल्याचे म्हटले. आपल्याकडे २०२४ च्या 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटासाठी ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज वापरले, ते कुटुंबीयांची संमती घेऊन व मोबदला देऊन. त्याच वर्षी अरिजित सिंग यांच्या आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या आवाजाची अशी विनापरवाना नक्कल करण्यास मनाई केली. हयात कलावंत न्यायालयात जाऊ शकतो. दिवंगताच्या वतीने वारसांनीच बोलायचे. आमच्या बाबतीत वारस दोन, आणि त्यांची मते दोन!

शेवटी असे ठरले की आधी यंत्राला द्यायच्या ओव्या तरी लिहून काढाव्यात. आई आणि मावशी वही घेऊन बसल्या. चार संध्याकाळी बसून सदतीस ओव्या आठवल्या. त्यांपैकी नऊ अर्ध्याच. शेवटचा चरण दोघींनाही आठवेना. मावशी बराच वेळ ओठांतल्या ओठांत पुटपुटत राहिली आणि म्हणाली, "आवाज अजून कानात आहे, शब्दच गेले."

येथे माझा समज पालटला. आपण आवाज गमावला असे मी धरून चालले होते. आवाज चाळीस सेकंदांवरूनही घडविता येतो. विसरलेला चरण मात्र कोणतेही यंत्र परत देणार नाही. दिलाच तर तो यंत्राचा असेल, आजीचा नव्हे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखांहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत मावळ-मुळशीच्या बायांच्याही आहेत. त्या कामाचे मोल मला या नऊ अर्ध्या ओव्यांनी कळविले.

मावशीच्या इच्छेचा निर्णय अजून झालेला नाही, आणि तिची इच्छा चुकीची आहे असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. यंत्राने गावे, पण यंत्र म्हणून गावे आणि मूळ ध्वनिमुद्रण जसेच्या तसे जपावे, एवढे माझे मत आहे. कर्जत-खालापूरच्या वाड्या-वस्त्यांतून येणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना मात्र एक विनंती आहे. घरी आजी असेल तर या सुट्टीत वही घेऊन तिच्याजवळ बसा. यंत्र काय, पुढल्या वर्षीही मिळेल.