जिल्ह्याचा इतिहास : कागद आणि आठवण

इतिहासाचा प्रकल्प लिहावयाचा म्हटले की आपण दोनचार पुस्तके समोर घेतो व त्यांतील मजकूर एकत्र करतो. ही झाली दुय्यम साधने. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून दप्तरे धुंडाळली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. तशी अस्सल साधने वर्धा जिल्ह्यात कोठे मिळतील व ती कशी पारखावीत, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम कागद पाहू. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. तो मध्य प्रांतात होता. १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. म्हणून जुन्या कागदांचा शोध नागपूरच्या पुराभिलेखागारापासून सुरू करावा. १९०६ चे जिल्हा गॅझेटियर आरंभाला उपयोगी आहे; मात्र ती राज्यकर्त्यांची नजर आहे, हे विसरू नये. एका गावापुरते काम करावयाचे असल्यास मालगुजारीच्या काळातील बंदोबस्त मिसल, गावचे हक्क व रिवाज सांगणारा वाजिब-उल-अर्ज, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर ही साधने मोलाची होत.

कागद मिळाला म्हणजे तो खराच, असे मात्र नाही. गांधीजी १९३६ साली शेगाव येथे राहावयास आले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी घोटाळा होऊन टपाल चुकू लागले, तेव्हा १९४० साली गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. आता १९३८ सालच्या एखाद्या पत्राच्या माथ्यावर ‘सेवाग्राम’ असेल, तर ती मागाहून केलेली नक्कल असावी किंवा तारीख चुकलेली असावी, अशी शंका घेतलीच पाहिजे.

जे कागदात नाही, ते माणसांना विचारावे लागते. आष्टीचे उदाहरण घेऊ. १६ ऑगस्ट १९४२ रोजी तेथील पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला. गोळीबार झाला, गावकरी व पोलीस दोन्हींकडील माणसे मेली आणि पुढे धरपकड झाली. सरकारी दप्तरात ही तारीख आहे. लोकांच्या आठवणीत तो नागपंचमीचा दिवस आहे. जुने पंचांग काढून पाहिले की दोन्हींचा मेळ बसतो. परंतु आरोपी कोण, हे सांगणारी फाईल घरचे कर्ते पुरुष तुरुंगात असता श्रावणातले निंदण कोणी केले, हे सांगत नाही. तो प्रश्न घरच्या बायांनाच विचारावयाचा असतो.

मुलाखत घेताना ‘कोणते साल होते?’ असे विचारू नये. ‘तेव्हा तुम्ही कितव्या वर्गात होता? लग्न झाले होते काय?’ असे विचारावे. साल आपण काढावे. पाहिलेले कोणते व ऐकलेले कोणते, हे वेगळे नोंदवावे. बोलणे त्यांच्याच बोलीत उतरावे, त्याला पुस्तकी वळण देऊ नये. ध्वनिमुद्रणापूर्वी परवानगी घ्यावी; नाव, वय, गाव, दिनांक लिहावा. घरातील मूळ कागद मागून नेऊ नयेत, मोबाईलवर त्यांचे छायाचित्र घ्यावे. आठवण व कागद जुळत नसतील तर दोन्ही नोंदवावेत. एकास खोडून दुसरे लिहिणे हा संशोधकाचा धर्म नव्हे.

हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. १९४२ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीपलीकडे गेले आहे, आणि दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी कितीतरी पेट्यांतील कागद रद्दीत जातात. प्रत्येक विद्यार्थ्याने आपले एक गाव निवडावे, एक मुलाखत व पाचदहा कागद नोंदवावेत आणि त्यांची एक प्रत त्या घरी व एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी. जिल्ह्याचा इतिहास पुढे जो कोणी लिहील, त्याच्या हाती निदान एवढे तरी असेल.